पेटी, गेट आणि बाबांची टॅली

गेले तीन आठवडे आपली साइट बंद होती. तीन-चार ब्लॉगमित्रांनी मेल टाकून चौकशी केली, धाकट्याने पुण्याहून फोन केला, आणि आत्याने तर थेट विचारलं, "काय गं, पैसे भरायचे राहिले का?" मी म्हटलं, "नाही आत्या, सगळं कंटेनरमध्ये घालत्ये." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "अगं, पण तुमच्या सोसायटीत कंटेनर मावेल कसा?"

हसू नका मंडळी. खारघरमध्ये राहणाऱ्या माणसाच्या नातेवाइकाने हाच प्रश्न विचारायला हवा. सायन-पनवेल हायवेवर रात्री अकरानंतर या, कळंबोलीकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे लाल, निळे, गंजके, चाळीस फुटी कंटेनर एकामागोमाग एक कसे जातात ते दिसेल. न्हावा शेवा बंदर इथून फार लांब नाही. आमच्याकडे पाहुणे आले की पांडवकडा दाखवतात, सेंट्रल पार्क दाखवतात. बाबा आले की मात्र त्यांना हायवेच दाखवावा लागायचा. पुलाच्या कठड्याशी उभे राहून ते कंटेनरवरचे नंबर वाचत बसायचे. चार अक्षरं, सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा म्हणजे आधीच्या दहांचा पहारेकरी, त्यांच्यावरून गणित करून काढलेला, म्हणजे नंबर उतरवताना कुणी चूक केली तर ती पकडता यावी. हे मला त्यांनीच सांगितलं. पुढे कॉम्प्युटरच्या वर्गात "चेक डिजिट" शिकवलं, तेव्हा मला आपलं वाटलं, हे तर घरचंच.

तर आत्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणजे गोष्ट बाबांपासूनच सुरू करावी लागते. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बाबा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते, हे घरच्यांना माहीत आहे. ब्लॉगवरच्या मंडळींसाठी सांगते. टॅली क्लार्क म्हणजे मोजणारा माणूस. जहाजातून क्रेनने जाळीत भरून माल खाली उतरायचा, पोती, गाठी, पिंपं, लाकडी खोकी, आणि एकेक नग मोजून वहीत रेघ मारायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. जहाजाच्या बाजूचा एक मोजणारा, गोदीच्या बाजूचा दुसरा. पाळी संपली की दोघांच्या वह्या समोरासमोर. जुळल्या तर सह्या. नाही जुळल्या तर घरी यायला उशीर. लहानपणी "बाबा का नाही आले?" याचं आईचं ठरलेलं उत्तर "टॅली जुळली नसेल" हे होतं.

त्या गोदीत माल येताना सगळा एकमेकांच्या अंगाला अंग लावून यायचा. एकाच जहाजाच्या पोटात खाली लोखंड, वर साखर, कडेला काचसामान. त्याचा शेवट काय होऊ शकतो हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ ला पाहिलं. कराचीहून आलेलं 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि त्याच पोटात कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, शिवाय सोन्याच्या विटा. कापसाने पेट घेतला, आग दारूगोळ्यापर्यंत पोचली, आणि अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजही देशात १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या आठवणीत. बाबा गोदीत लागले ते याच्या पुष्कळ नंतर, पण जुन्या लोकांच्या बोलण्यात तो दिवस काल घडल्यासारखा यायचा म्हणे. ज्या दोन वस्तू शेजारी असूच नयेत त्या शेजारी ठेवल्या होत्या, एवढंच त्याचं कारण बाबा सांगायचे.

या सगळ्यावर एका ट्रकवाल्याने उपाय काढला. माल्कम मॅक्लीन, अमेरिकेतला. ट्रकमधला माल उतरवून जहाजात चढवण्यापेक्षा ट्रकचा खोकाच उचलून जहाजात का ठेवू नये, असा त्याचा साधा प्रश्न. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जुनं तेलवाहू जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८६ सेंट खर्च यायचा, पेट्यांचा खर्च १६ सेंटसुद्धा आला नाही. पुढे पेटीची मापं ठरली, वीस फूट आणि चाळीस फूट. चार कोपऱ्यांवरची पकड जगभर एकसारखी झाली. (खरा शोध पेटीचा नाहीच, तो कोपऱ्यांचा आहे, असं माझं मत. पेट्या काय, आपल्याकडे पेटाऱ्यापासून आहेत. पण कुठल्याही देशातली क्रेन कुठल्याही देशातली पेटी उचलू शकली ती कोपऱ्यांमुळे.)

भारतात पहिलं कंटेनर जहाज १९७३ साली कोचीनला लागलं. आणि २६ मे १९८९ ला आमच्या खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झालं, पहिल्यापासून मुख्यतः पेट्यांचा विचार करून बांधलेलं. ते सुरू होण्याआधी या पट्ट्यात काय झालं, तेही सांगायला हवं, कारण आम्ही ज्या जमिनीवर फ्लॅट घेऊन राहतो तीही त्याच कथेतली आहे. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी जमिनी गेल्या त्या इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या, मिठागरांच्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणच्या रस्त्यावर दास्तान फाट्याला आणि नवघर फाट्याला पोलिसांचा गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यातून आली. खारघरच्या मूळ गावांतल्या, कोपरा, मुर्बी, बेलपाडा, ओवे, कुठल्याही वयस्क माणसाला "साडेबारा टक्के" म्हणून पाहा, तासभर कुठे जायला नको.

मुंबईच्या गोदीत मात्र पेटीने वेगळंच केलं. पेटीला मोजणारा लागत नाही. बाहेरून नंबर वाचायचा, सील शाबूत आहे की नाही बघायचं, पुढे पाठवायचं. आत काय आहे ते कागदावर लिहिलेलं असतं. बाबांना हे कधी पटलं नाही. "कागद म्हणतो आत पंखे आहेत. तू पाहिलेस का पंखे?" हा त्यांचा प्रश्न. त्यांच्याबरोबरच्या टोळ्या पाहता पाहता कमी होत गेल्या, पोटावर पाठीवर ओझं वाहणारी माणसं गावाकडे परतली. बाबा वेळेआधी निवृत्त झाले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन जुन्या गोद्या तर पुढे भरावच घालून बुजवल्या.

आता आत्या, ऐक. गोदीत ओझी वाहणाऱ्या कामगाराला इंग्लंडात काय म्हणतात? डॉकर.

आणि मी जे तीन आठवडे लावत बसले होते, त्या प्रोग्रामचं नाव काय? डॉकर. त्याच्या चिन्हात पाठीवर पेट्या घेतलेला एक निळा देवमासा आहे. खऱ्या पेटीने ज्याची भाकरी काढून घेतली, त्याचंच नाव कॉम्प्युटरवाल्यांनी आपल्या पेटीच्या हमालाला दिलं. कुणाच्या मनात तसं काही नसणार, पण मला प्रत्येक वेळी ती आज्ञा टाइप करताना बाबांच्या टोळीतली माणसं आठवतात.

कॉम्प्युटरमधली पेटी काही डॉकरने शोधली नाही. १९७९ साली युनिक्समध्ये एक सोय आली, प्रोग्रामला एखाद्या फोल्डरमध्ये असं बसवायचं की त्याला वाटावं जग एवढंच आहे. २००० साली फ्रीबीएसडीने तिला भिंती चढवल्या आणि सरळ 'जेल' म्हटलं. २००६ च्या सुमारास गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामच्या वाट्याला किती मेमरी, किती प्रोसेसर हे बांधून देण्याची व्यवस्था लिहिली, ती २००८ च्या जानेवारीत मूळ लिनक्समध्ये आली. म्हणजे भिंती होत्या, रेशन होतं. नव्हते ते कोपरे. माझी पेटी तुमच्या क्रेनला लागायची नाही. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत पाच मिनिटांत डॉकर दाखवला, आणि त्याने मुख्यतः केलं ते हेच. पेटीचं माप एक केलं. माझ्या लॅपटॉपवर भरलेली पेटी कुठल्याही भाड्याच्या मशीनवर तशीच उतरते.

मला ही गरज का पडली? माझ्याकडे भाड्याचं एकच छोटं मशीन आहे. त्यावर तीन बिऱ्हाडं: हा ब्लॉग, आपला कुलवृत्तांत, आणि बाबांच्या वह्यांची स्कॅन केलेली पानं. गेल्या वर्षी ब्लॉगसाठी मशीनवरची भाषा नवी केली, आणि कुलवृत्तांतातल्या सात पिढ्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. खापर-खापर-पणजोबांपासून कालच्या बाळापर्यंत सगळे "????". धाकटा म्हणाला, आपल्या घराण्याचं याहून नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं. :) १९४४ च्या आगीशी याची तुलना करायची नाही, पण दोष त्याच जातीचा होता. शेजारी असू नयेत अशा दोन वस्तू एका पोटात. आता तिघांना तीन पेट्या. ब्लॉगच्या पेटीत ब्लॉगला हवी ती भाषा, कुलवृत्तांताच्या पेटीत जुनीच. अर्थात जहाज एकच आहे. तिन्ही पेट्यांखाली लिनक्स एकच, ते बुडालं तर तिघेही बुडाले. पेटी म्हणजे वेगळं घर नव्हे, एवढं लक्षात ठेवायचं.

पेट्या झाल्या. पण पत्ता एकच. तीन नावांनी लोक येणार, आणि मशीनच्या दारावर आकडा एकच, ४४३. (या दारांनाही 'पोर्ट'च म्हणतात. लॅटिनमध्ये दार ते पोर्टा, बंदर ते पोर्टुस, सख्खी भावंडं. आमच्या घरात हा शब्द दोन पिढ्या पुरला.) मग आलेल्याला कोणाकडे पाठवायचं, हे ठरवायला दारावर कुणीतरी बसवावं लागतं. त्याला म्हणतात रिव्हर्स प्रॉक्सी.

कॉलेजात "प्रॉक्सी मारणे" सगळ्यांनी केलंय. तुमच्याऐवजी दुसऱ्याने हजेरी देणं. इंटरनेटवरची मूळ प्रॉक्सी तशीच. १९९४ च्या मे महिन्यात जिनिव्हाला वेबवरची पहिली परिषद भरली, तिथे आरी लुओटोनेन आणि केविन आल्टिस यांनी तिच्यावर निबंध वाचला. भिंतीआड बसलेल्या माणसांच्या वतीने बाहेर जाऊन पानं आणून देणारा मध्यस्थ, असं तिचं रूप. रिव्हर्स म्हणजे उलटी. ती येणाऱ्याच्या वतीने नाही, घरमालकाच्या वतीने दारात उभी असते. येणाऱ्याला वाटतं घर हेच. आत किती खोल्या, कुठल्या खोलीत कोण, त्याला कळत नाही.

असं दार आपल्या देशालाही एकदा होतं, आणि तेही मुंबईत. १९८६ मध्ये अर्नेट नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, संयुक्त राष्ट्रांची मदत, आणि आठ जागा जोडायच्या: पाच आयआयटी, बंगलोरची विज्ञान संस्था, दिल्लीतला तो विभाग स्वतः, आणि जुहूची एनसीएसटी. डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. १९८९ च्या सुमारास, म्हणजे न्हावा शेव्याला पहिल्या पेट्या उतरत होत्या तेव्हाच, जुहूच्या या संस्थेतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत एक लाइन घेतली गेली. वेग सेकंदाला ९,६०० बिट. आज माझ्या फोनमधला एक फोटो त्या लाइनवरून पाठवायचा तर तास लागला असता. देशातल्या प्राध्यापकांचं बाहेरचं टपाल त्या दारातून जायचं आणि यायचं. बाहेरून आलेली मेल जुहूला उतरायची, तिथलं मशीन पत्ता वाचायचं, ही कानपूरची, ही मद्रासची, आणि पुढे धाडायचं. मेलचं दार आणि वेबचं दार तंत्र म्हणून वेगळी, हे मान्य. काम तेच. एक तोंड बाहेर, अनेक बिऱ्हाडं आत. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं, तोवर बहुतेकांसाठी हे दार म्हणजे ऐकीव गोष्ट होती. 'डॉट इन' नावांची वहीही २००५ मध्ये नवी व्यवस्था येईपर्यंत तिथेच सांभाळली जायची.

एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. आणि सी-डॅकची एक इमारत कुठे आहे? खारघर स्टेशनच्या समोरच्या अंगाला, रेनट्री मार्गावर. मी वर्षानुवर्षं तिच्यावरून रिक्षाने गेले, पण जुहूच्या त्या दाराचा वारसा इथे येऊन राहिलाय हे मला या तीन आठवड्यांत वाचताना उलगडलं. त्या दिवशी रिक्षावाल्याला मुद्दाम हळू चालवायला सांगितलं. त्याला वाटलं मला गाडी लागते.

असो. दारावरच्या माणसाला कळतं कसं, की आलेला ब्लॉग मागतोय का वह्या? सुरुवातीच्या वेबमध्ये कळायचंच नाही. येणारा फक्त "अमुक पान द्या" म्हणायचा, कुणाच्या घरचं ते बोलायचाच नाही, म्हणून प्रत्येक साइटला वेगळा पत्ता लागायचा. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चा नियम आला, येणाऱ्याने घराचं नावही सांगायलाच हवं. या एका ओळीवर माझं सगळं गेट चालतं. पत्त्यांचा आधीच दुष्काळ, आशियाचा मोकळा साठा तर एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या डब्याला लागला. ही ओळ नसती तर माझ्यासारख्यांनी साइट कुठे मांडली असती कोण जाणे.

गेटवर मी इंजिन-एक्स बसवलं. इगोर सिसोएव्ह या रशियन माणसाने ते लिहिलं, रॅम्बलर या तिथल्या मोठ्या साइटवर काम करताना. २००२ मध्ये सुरू केलं, ऑक्टोबर २००४ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. तेव्हाचे वेबसर्व्हर प्रत्येक पाहुण्यामागे एक वेटर उभा करायचे. दहा हजार पाहुणे एकदम आले की हॉटेल बसलं. इंजिन-एक्सचा थोडासाच स्टाफ सगळ्या टेबलांवर फिरतो, ज्याची ऑर्डर तयार त्याच्याकडे जातो. आपल्या साइटवर दहा हजार लोक दिवाळीतसुद्धा येत नाहीत. पण तीन नावांची फाइल लिहायला ते सोपं, आणि ते स्वतःही एका पेटीतच बसतं.

खरा प्रश्न सीलचा होता. ब्राउझरमध्ये कुलुपाचं चित्र दिसतं म्हणजे तुमच्यापासून साइटपर्यंत मजकूर सीलबंद येतो. पण साइटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत? गेटपर्यंत. गेटवाला सील तोडतो, आत बघतो, मग योग्य खोलीत पाठवतो. त्याशिवाय त्याला कामच करता येत नाही. न्हावा शेव्यालाही हेच. पेटी उरण-द्रोणागिरी भागातल्या फ्रेट स्टेशनांपैकी एखाद्यात जाते, तपासणीसाठी तिचं सील तोडतात, माल बाहेर काढतात. "बघितल्याशिवाय कुठेच चालत नाही, फक्त बघणारा बदलतो," असं बाबा म्हणायचे. मग गेटवाला कोणाचा, हा प्रश्न येतोच.

फुकट गेटवाले पुष्कळ मिळतात. मोठमोठ्या कंपन्या तुमच्या दारात आपली रिव्हर्स प्रॉक्सी उभी करतात, हल्ले परतवतात, साइट वेगात देतात, आणि लहान साइटला पैसेही लावत नाहीत. धाकट्याचं म्हणणं होतं, सरळ तेच घे, तीन आठवडे कशाला घालवतेस. चुकीचं नव्हतं त्याचं. पण सील त्यांच्या आवारात तुटतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगलच्या ताविस ऑर्मंडी यांना दिसलं, की क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीतल्या एका चुकीमुळे एका साइटच्या पानाला दुसऱ्याच साइटच्या मजकुराचे तुकडे चिकटून बाहेर पडतायत. काही तर शोधयंत्रांनी साठवूनही ठेवले होते. कंपनीने ते तासाभरात आटोक्यात आणलं आणि सगळं उघडपणे लिहिलंही, हे त्यांचं श्रेय. पण तुकडे गेले ते गेले.

आणि माझ्याकडे बाबांच्या वह्या आहेत. घरच्यांना ठाऊक आहे त्यांत काय आहे ते. पुढच्या पानांवर टॅलीच्या रेघा, मागच्या पानांवर टोळीतल्या माणसांचे उसने व्यवहार. कुणी किती घेतले, कशासाठी, कुणी अंगठी ठेवली, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं औषधपाणी. पूर्ण नावं, गावासकट. त्यांची मुलं-नातवंडं आज कुठेतरी आहेत. बाबांनी ते पुस्तक कुणाला दाखवलं नाही. मी स्कॅन केलं ते घरच्यांनी वाचावं म्हणून, पासवर्ड लावून. म्हणून ठरवलं, सील आपल्याच गेटवर तुटेल. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं घेतलं, २०१५ च्या डिसेंबरात सगळ्यांसाठी सुरू झालेलं, फुकट, ९० दिवसांचं, संपत आलं की आपोआप नवं होणारं.

आणि इतका विचार करून मी घाण केली. हे सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

साइट पहिल्यांदा सुरू केली ती त्याआधीच, एका रविवारी. गेट छान चालत होतं, पासवर्ड मागत होतं, मशीनवरची फायरवॉलही लावली होती, ८० आणि ४४३ सोडून सगळी दारं बंद. नऊ दिवसांनी, कौतुकाने, गेटची नोंदवही उघडली. प्रत्येक येणाऱ्यामागे एक ओळ. आणि सहज म्हणून वह्यांच्या पेटीची स्वतःची नोंदवही उघडली. खरं तर दोन्हींत सारख्याच ओळी हव्यात, जो आत पोचला तो गेटमधूनच आला असणार.

आत ४९ ओळी जास्त होत्या.

टॅली जुळत नव्हती. मी रात्री दोनपर्यंत रेघा मारत बसले, अक्षरशः, कागदावर. मग सापडलं. चाचणी करताना वह्यांच्या पेटीचं आतलं दार मी बाहेरच्या ८०८० ला जोडलं होतं, आणि ती एक ओळ फाइलमध्ये राहून गेली होती. मला वाटत होतं, फायरवॉल आहे ना, ८०८० बंदच असणार. पण डॉकरला पोर्ट बाहेर काढायला सांगितलं की तो लिनक्सच्या रहदारीच्या नियमांत स्वतःची वाट आधी कोरून घेतो. नेहमीच्या फायरवॉलची यादी त्या वाटेवर लागतच नाही. हे त्यांच्या माहितीपत्रात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं. गेटवर पासवर्ड, आणि शेजारच्या भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड, नऊ दिवस.

बाबांच्या गोदीला गेटं रंगांची होती, ग्रीन गेट, येलो गेट, ऑरेंज गेट. ते सांगायचे, चोरीचा माल गेटातून कधी गेला नाही. गेला तो भिंतीवरून.

त्या ४९ पैकी बहुतेक यंत्रं होती. रात्रंदिवस पत्ते ठोठावत हिंडणारी, कुठे कुणी लॉगिनचं पान उघडं ठेवलंय का बघत. त्यांना हवं ते मिळालं नाही, ती गेली. पण तीन ओळींमध्ये वह्यांची अनुक्रमणिका उघडलेली आहे. त्या पानावर वर्षं आहेत आणि काही नावं आहेत. रकमा नाहीत, आतलं एकही पान उघडलेलं नाही. ती तीन माणसं होती की यंत्रं, ते नोंदीवरून ठरत नाही. एवढं झालं आहे, ते तुम्हाला सांगितलं पाहिजे, कारण वह्या माझ्या एकटीच्या नाहीत.

त्याच रात्री साइट बंद केली, ती कालपर्यंत. आता ती ओळ काढली आहे. वह्यांच्या आणि कुलवृत्तांताच्या पेट्यांना बाहेर दारच नाही, गेटच्या पेटीशी त्यांचं आतलं खाजगी जाळं आहे, तेवढंच. धाकट्याकडून त्याच्या घरून ८०८० ठोठावून घेतलं, उत्तर येत नाही. भाच्याने बाकीची दारं वाजवून पाहिली. अनुक्रमणिकेतली नावं काढून फक्त वर्षं ठेवली आहेत. आणि रोज रात्री एक छोटा प्रोग्राम गेटची वही आणि आतल्या वह्या समोरासमोर ठेवतो, आकडे जुळले नाहीत तर मला मेल करतो. काल पहिली मेल आली. एकाचा फरक होता. घाबरून बघितलं, तर प्रोग्राम स्वतःच आत डोकावला होता ती ओळ. आज तीही वगळली.

ब्लॉग सगळ्यांना नेहमीसारखा दिसेल. कुलवृत्तांतात नावं परत आली आहेत, कुणाचं चुकलं असेल तर कळवा. वह्यांचे जुने पासवर्ड चालणार नाहीत. नवे मी एकेकाला फोन करून सांगणार आहे, प्रतिक्रियेत विचारू नका. आत्या, तुझा फोन संध्याकाळी करते, चष्मा जवळ ठेव.